ग्राफिक्स कार्ड व रंगीत मॉनिटर मिळणेबाबत

अर्जदार : प्रस्तुत लेखक. वय अठ्ठेचाळीस पूर्ण. शिक्षण नववी पास, दहावी अर्धी. धंदा अर्ज, तक्रारी, जबाब व प्रतिज्ञालेख लिहून देणे. राहणार देवपूर, धुळे.

सामनेवाला : तोच.

जिच्यासंबंधी अर्ज : लेखकाची एकुलती एक मुलगी. लग्नापूर्वी राहणार वरीलप्रमाणे, हल्ली राहणार मुक्ताईनगर तालुक्यातील एक गाव.

घटनेचा काळ : सन १९९७ च्या दिवाळीनंतरचा सोमवार आणि तेथून आजपर्यंतची दोन वर्षे.

घटनेचे ठिकाण : जळगाव येथील कॉम्प्युटरचे दुकान, व त्यापूर्वी लेखकाच्या घरातील जेवणाचा पाट.

साक्षीदार : एक, लेखकाची पत्नी. दोन, सदर दुकानाचा मालक.

नावे : लिहिलेली नाहीत. कागदावर नाव आले की त्या माणसाला हजर व्हावे लागते, आणि मला कोणालाही हजर करायचे नाही. मला फक्त एक उत्तर हवे आहे. ते कोणते, हे या लेखाच्या शेवटी विनंतीत आले आहे. तत्पूर्वी हकिगत.

मी सव्वीस वर्षे धुळ्याच्या कचेरीच्या आवारात कडुनिंबाखाली बसतो. एक टेबल, दोन स्टुले, एक छत्री. अर्ज लिहिणारे तेथे पुष्कळ आहेत, परंतु माझ्या अर्जाची भाषा पहिल्या ओळीवरून ओळखू येते असे आतले कारकून म्हणतात, आणि ते मला खोटे वाटत नाही. माणूस येतो, स्टुलावर बसतो आणि सगळे एकदम सांगू लागतो. भावाने बांध कोरला, त्याआधी त्याच्या बायकोने पाणी भरू दिले नाही, त्याच्याही आधी लग्नात पंगतीला उशिरा बसवले. मी ते सगळे एका जुन्या फॉर्मच्या पाठीवर, त्याच्याच शब्दांत उतरवून घेतो. त्याला आम्ही कच्चा म्हणतो. मग कच्चा बाजूला ठेवून, साहेबाला जे मंजूर करता येईल तेवढेच, साहेबाच्या भाषेत कोऱ्या कागदावर लिहितो. तो पक्का. पक्क्यावर सही किंवा अंगठा होतो आणि कागद आत जातो. कच्चा माझ्या टेबलावरच्या उभ्या तारेत ओवला जातो. तार भरली की मी गठ्ठा उतरवून घरी माळ्यावर टाकतो.

या पद्धतीने मी पुष्कळांची कामे केली. एक म्हातारी बाई एकदा म्हणाली होती, "भाऊ, तुम्ही वाचलं ते मस्त शे, पण माझं कोणतं?" आवारात सगळे हसले. मीही हसलो. तिचे काम झाले होते.

ही पद्धत मी घरातही लावली. मुलगी पाचवीत गेली तेव्हापासून नियम असा की, काही हवे असेल तर लेखी मागायचे. मला वाटे, पोरीला मागता यावे, रडून नव्हे तर मुद्देसूद. सहल, रंगपेटी, नंतर सायकल, सगळ्याचे अर्ज आले. मी तांबड्या शाईने सुधारी आणि खाली 'मंजूर' लिही. नामंजूर फार थोडे झाले, हे येथे नमूद करतो. तिलाही त्याची गोडी लागली होती. एकदा सकाळी उशाशी कागद सापडला. "विषय : आज शाळेत न जाणेबाबत. महोदय, बाहेर ऊन चांगले पडले आहे. माझी शाळेविरुद्ध काही एक तक्रार नाही. सदर अर्ज मी स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय लिहून देत आहे." तक्रार मागे घेणाऱ्यांचे जबाब मी लिहितो, त्यातले हे शेवटचे वाक्य तिने उचलले होते. मी तो कागद दुसऱ्या दिवशी आवारात सर्वांना वाचून दाखवला. कागद सापडला त्या दिवशी ती शाळेत गेली नाही.

सत्त्याण्णव साली ती डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि देवपुरातच एका कॉम्प्युटर क्लासला जात होती. माझ्या विम्याची मुदत त्या दिवाळीत पूर्ण झाली. पैशाची अडचण नव्हती, हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढे जे झाले त्याला ते कारण मला लावता येत नाही. मी जाहीर केले की घरात कॉम्प्युटर येणार. कोणता, ते तिने लेखी द्यावे.

दोन दिवसांनी जेवायला बसताना तिने कागद माझ्या पाटाशी ठेवला.

"नाना, हे वाचा. पण दुरुस्त करू नका."

"दुरुस्त न करता मी कलेक्टरचाही कागद वाचत नाही."

"म्हणून तर सांगतेय."

कागद अर्ध्या पानाचा होता. आज तो माझ्यासमोर आहे, म्हणून जसाच्या तसा देतो. "एक. ग्राफिक्स कार्ड पाहिजे, थ्रीडी, चार एमबीचे. कार्ड नसले तर रस्ता तुकड्यातुकड्यांनी येतो. दोन. मॉनिटर पंधरा इंची पाहिजे आणि रंगीतच पाहिजे. काळा-पांढरा नको, त्यात संध्याकाळ दिसत नाही. तीन. बाकी मशीन साधे चालेल. कारण : मला गेम खेळायचे आहेत. अभ्यासाला क्लासमधले मशीन पुरते. हे मला खेळायलाच पाहिजे आहे."

मी विचारले, "कसला गेम?"

तिने जेवण थांबवून सांगितले. गाडी चालवायची असते. आपण आत बसलेलो असतो, समोर काच असते. डोंगरातून रस्ता जातो, वळणावर गाडी सरकते, मग ती सावरायची. क्लासमध्ये एकाच मशीनला ते कार्ड आहे, सर शनिवारी अर्धा तास लावून देतात. त्या अर्ध्या तासात तिच्याइतके लांब कोणी जात नाही.

"आणि शेवटी काय मिळतं?" मी विचारले.

"काही नाही. रस्ता."

"मग त्यात मागण्यासारखं काय आहे?"

"तेच तर मागितलंय, नाना."

जेवण झाल्यावर मी कोरा कागद घेतला. माझ्या धंद्यात एक गोष्ट पक्की आहे. करमणूक हे कारण दाखवलेला अर्ज मंजूर झालेला मी पाहिलेला नाही. म्हणून मी लिहिले, "उपरोक्त यंत्र अर्जदाराच्या कन्येच्या शैक्षणिक प्रगतीकरिता, तसेच टंकलेखन व कार्यालयीन स्वरूपाच्या कामाकरिता आवश्यक असून, ते टिकाऊ, डोळ्यांस अपायकारक नसणारे व अनावश्यक बाबींनी विरहित असावे." हा अर्ज कोणाकडे जाणार होता? कोणाकडेच नाही. मंजूर करणारा मीच होतो आणि माल देणारा दुकानदार. तरीही हात त्याच वळणाने गेला. कार्ड आणि मॉनिटर हे दोन्ही मुद्दे मी 'दुकानदाराच्या तज्ज्ञ सल्ल्यानुसार' या शब्दांत बसवले. मला ते वाक्य चांगले वाटले होते.

पत्नी भांडी आवरत होती. ती शिकलेली नाही. ती म्हणाली, "पोरनी लिखेल शे ना? मंग तेच लई जा. तुम्ही कशाले हात लावतस?"

"दुकानदारापुढे हा असला कागद ठेवू? गेम खेळायचे आहेत म्हणून?"

"ती खेळनार शे, दुकानदार नही."

मुलीचा कागद सकाळी कचेरीत नेला आणि सवयीने तारेत ओवला.

सोमवारी आम्ही दोघे बसने जळगावला गेलो. धुळ्यात मशीन जोडून देणारे होते, पण कार्डे जळगावला मिळतात असे क्लासमध्ये तिला कळले होते. पारोळा जाईपर्यंत ती खिडकीतून पाहत होती. एरंडोलच्या पुढे तिने मला विचारले, "नाना, माझा कागद आणलाय ना?"

"आणलाय," मी म्हणालो. पक्क्या कागदाला अर्जदाराचाच कागद म्हणतात. त्या क्षणी मला ते खोटे वाटले नाही.

दुकानदार तरुण होता. त्याचे वडील त्याच जागेत रेडिओ दुरुस्त करत. भिंतीवर अजून जुन्या रेडिओच्या पेट्या रांगेने होत्या आणि त्यांच्याखाली मॉनिटर मांडलेले. वडील कोपऱ्यात सोल्डरिंग करत बसले होते. त्यांनी आम्हाला पाणी दिले.

दुकानदार माझ्याकडे न बघता थेट तिला म्हणाला, "हां ताई, बोला. काय लावायचंय?"

ती बोलायला पुढे झाली. मी खिशातून कागद काढून त्याच्या हातात दिला आणि म्हणालो, "कागदात सगळं आहे."

त्याने तो कागद उभ्या-उभ्या वाचला. मग पुन्हा वाचला. "काका, काय भाषा आहे! वकील आहात का?"

"तसंच समजा," मी म्हणालो.

मुलगी माझ्याकडे बघत होती. तो कागद आपला नाही, हे तिला बाहेरूनच कळले. तिच्या कागदाला रेघा होत्या, याला नव्हत्या.

दुकानात दोन मशीन चालू होती. एकाला पंधरा इंची रंगीत मॉनिटर होता. दुकानदार म्हणाला, "याला कार्ड आहे ताई, बघा चालवून. विकायचं राहू द्या, बघा तर खरं." तिने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. ती स्टुलावर बसली.

तिला खेळताना मी आयुष्यात एवढे एकदाच पाहिले. चार-पाच मिनिटे असतील. पडद्यावर डोंगर होता, रस्ता होता, आणि सूर्य कलत असल्यामुळे रस्त्याची एक बाजू तांबूस दिसत होती. ती पुढे वाकली नव्हती, ओरडत नव्हती. तिचे खांदे सैल होते. वळण आले की तिची मान अगदी थोडी त्या बाजूला जाई. कोपऱ्यातले म्हातारे हातातले काम सोडून उभे राहिले आणि मुलाला म्हणाले, "देख, लडकी गाडी को घुमाती नहीं, मनाती है." दुकानदार म्हणाला, "ताई, इथे पोरं दोन वळणात आपटतात." ती हसली. वळून माझ्याकडे पाहून हसली, आणि त्या वळण्यातही गाडी रस्त्यावरच राहिली.

मी म्हणालो, "झालं का?"

ती उठली.

दुकानदाराने कागद समोर ठेवला. "काका, निर्णय काय? तुम्ही लिहिलंय टायपिंग, ऑफिसचं काम. त्याला कार्डाची गरज नाही, जे बोर्डवर आहे ते पुरतं. आणि डोळ्यांचं म्हणाल, तर हा काळा-पांढरा मॉनिटर बघा. थंड आहे, अक्षर स्वच्छ. पण ताईंना जर..."

"ताईंचं त्यात सगळं आलेलं आहे," मी म्हणालो. "कागदाप्रमाणे द्या."

"ताई?" त्याने विचारले.

ती म्हणाली, "नाना म्हणतात तसं."

त्याने कागदाप्रमाणे दिले. त्याची चूक नाही. त्याने मला एक वेळ विचारले आणि तिला दोन वेळा, हे त्याच्या बाजूने नोंदवून ठेवतो.

घरी मशीन मांडले. पत्नीने त्याला हळद-कुंकू लावले. मुलीने क्लासमधून आणलेली सीडी घातली. पडदा काळा झाला, मग पांढऱ्या अक्षरात इंग्रजीत दोन ओळी आल्या. मी विचारले, काय म्हणते?

"मिळणार नाही म्हणतंय."

"कारण काय दिलंय?"

"कार्ड नाही म्हणून." तिने सीडी काढून कव्हरात घातली आणि कव्हराची कड बोटाने दोनदा दाबली. मी म्हणालो, पुढच्या महिन्यात बघू, बदलून आणू. ती म्हणाली, "राहू द्या नाना. टायपिंग चांगलं होतं याच्यावर." खरोखरच चांगले होते. तिने माझे दोन-तीन पक्के अर्ज त्यावर छापून दिले. क्लासला शनिवारी जाणे तिने स्वतःच बंद केले. मला वाटले, समज आली.

त्या दिवसानंतर तिने माझ्याकडे एकही अर्ज दिला नाही. हे माझ्या लक्षात यायला दीड वर्ष लागले. ज्या घरात रोज कागद येत, त्या घरात कागद येणे थांबले आणि मी, कागदावर पोट असलेला माणूस, ते पाहिले नाही.

नव्व्याण्णवच्या सुरुवातीला तिच्यासाठी मुक्ताईनगरकडचे स्थळ आले. केळीची बागायत, घर मोठे, माणसे सभ्य. बघायला आले तेव्हा मुलाच्या आईने विचारले, "हिला आवड कशाची?" मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन उभी होती. मी म्हणालो, "टायपिंग, हिशेब, वाचन." मुलाची आई समाधानाने म्हणाली, "मग आमच्या बागेचं लिहिणं-बिहिणं करील." ते गेल्यावर मी मुलीला विचारले, "तुझी संमती आहे ना?" ती म्हणाली, "तुम्ही लिहाल तसं." मी ते होकारात नोंदवले. ज्या कागदावर असे उत्तर असते तो कागद मी आवारात कधी घेत नाही. माणसाला म्हणतो, बाबा, नीट सांग, हो की नाही.

पत्नीने तेव्हाच सांगितले होते. "ती हो म्हनेल नही. तुम्ही आयकं का?" मी म्हणालो, "नाहीही म्हणाली नाही." ती म्हणाली, "तुम्ही बठ्ठी दुनियाना अर्ज लिखतस. पोरना एक कागद तुम्हले वाचता नही उना."

लग्नानंतर मशीन सामानाबरोबर टेम्पोतून तिच्या सासरी गेले. मॉनिटर गोधडीत बांधला होता.

तिची पत्रे येऊ लागली. महिन्याला एक, आंतरदेशीय. "ती. नानांस व आईस साष्टांग नमस्कार. विनंती विशेष. येथील सर्व मंडळी कुशल असून आपले कुशल कळवावे. सासूबाई मायाळू आहेत. केळीची कापणी सुरू आहे. काम भरपूर आहे, त्यामुळे वेळ चांगला जातो." मुद्देसूद, खाडाखोड नाही, समास सोडलेला. मी पत्नीला वाचून दाखवी आणि भाषेचे कौतुक करी. ती पदराने हात पुसत ऐके आणि विचारे, "आजून काय लिखेल शे?" मी म्हणे, "एवढंच." ती आत जाई.

चौथ्या पत्राच्या शेवटी एक वाक्य होते. "माझी येथे कोणाहीविरुद्ध काही एक तक्रार नाही. सदर पत्र मी स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे."

ते वाक्य मी पत्नीला वाचून दाखवले नाही.

लहानपणी तिने ते थट्टेने लिहिले होते. आताही थट्टेने लिहिले असेल, जुन्या दिवसाची आठवण म्हणून, मी हसावे म्हणून. तसे असेल तर मी हसायला हवे होते. परंतु सव्वीस वर्षांत मी हे वाक्य कितीतरी जबाबांखाली लिहिले आहे, आणि ते लिहून देणारी बाई समोरच्या स्टुलावर कशी बसते, कोणाकडे बघते, हेही पाहिले आहे. दबाव नसलेल्या माणसाला दबाव नाही असे लिहिण्याची गरज सहसा पडत नाही. त्या दोन ओळी थट्टा आहेत की जबाब आहेत, हे मला ठरवता आले नाही. जिल्ह्यातले अक्षर-अक्षर ओळखणारा मी, आणि घरच्या मुलीचे पत्र मला वाचता येईना.

मी गेलो. जळगावला बस बदलून दुपारी त्यांच्या गावी पोहोचलो. व्याह्यांनी आदराने बसवले, केळीचे वेफर आले, चहा आला. मुलगी दाराच्या चौकटीशी उभी होती. थोडी वाळली होती, किंवा मला तसे वाटले. मी विचारले, "तब्येत कशी आहे?" विहीणबाई म्हणाल्या, "चांगली आहे तिची तब्येत." मी विचारले, "करमतं का?" विहीणबाई म्हणाल्या, "तिला कुठं वेळ आहे न करमायला?" आणि प्रेमाने हसल्या. त्या वाईट बाई नाहीत. त्या तिच्या वतीने उत्तरे देत होत्या, इतकेच, आणि उत्तरे सगळी मुद्देसूद होती. मला माझाच आवाज ऐकल्यासारखे झाले.

ओसरीवर मशीन होते. त्यावर विणलेले झाकण घातले होते. मुलगी म्हणाली, "बागेचे हिशेब करते त्यावर. चांगलं चालतं."

स्टँडपर्यंत सोडायला ती आली. जावई दोन पावले मागे होता. बस लागली होती. मी हळूच विचारले, "तुला काही हवंय का गं? मला सांग."

ती म्हणाली, "कागदात सगळं आहे, नाना."

रागाने नाही. तिने माझ्या सदऱ्याची कॉलर नीट केली आणि पिशवी माझ्या हातात दिली. पिशवीत घरची केळी होती.

धुळ्याला आल्यावर मी माळ्यावर चढलो. गठ्ठे उतरवले. बांधाचे कच्चे, पाण्याचे कच्चे, रेशनकार्डाचे कच्चे. सत्त्याण्णवच्या गठ्ठ्यात तिचा रेघांचा कागद सापडला. मधोमध तारेचे भोक आहे आणि भोकाभोवती तांबूस गंज. पत्नी खाली दिवाळीच्या साफसफाईसारखा पसारा बघत उभी होती. तिला मी तो कागद वाचून दाखवला, एकही शब्द न बदलता. "संध्याकाळ दिसत नाही," या ठिकाणी ती म्हणाली, "पुन्हा वाचा." मी पुन्हा वाचला.

गेल्या आठवड्यात मी तो कागद घेऊन जळगावला गेलो. दुकान तेच, रेडिओच्या पेट्या नव्हत्या, म्हातारेही नव्हते. मी विचारले. दुकानदार म्हणाला, "उन्हाळ्यात गेले." मी थोडा वेळ बसलो. मग कागद त्याच्यासमोर ठेवला.

त्याने वाचला. "हे त्या ताईंचं आहे का? गाडी मनवायची ती?" वडिलांचे शब्द त्याला आठवत होते.

"हो. यात लिहिलंय तेच द्या. कार्ड चार एमबी, मॉनिटर पंधरा इंची रंगीत."

"काका, हे आता जुनं झालं. एवढ्याचं कार्ड कोणी ठेवत नाही. याच्यापेक्षा कितीतरी चांगली आलीत. आणि ते कोणत्या मशीनला लावणार? त्या मशीनला कोणतं चालेल तेही बघावं लागेल."

"कागदाप्रमाणे द्या," मी म्हणालो.

त्याने कागद घडी करून माझ्या हातात परत दिला. "काका, मागच्या वेळी मी कागदाप्रमाणे दिलं. घरी गेल्यावर अब्बा माझ्यावर चिडले होते. म्हणाले, लडकी सामने बैठी थी और तूने कागज पढ़ा. आता तुम्ही आधी ताईंना विचारून या. दोन वर्षं झाली. त्यांना हेच पाहिजे असेल, किंवा दुसरंच काही पाहिजे असेल. किंवा काहीच नको असेल. मी माल कुठं पळवून नेतोय?"

मी रिकाम्या हाताने परत आलो. एरंडोलला बस थांबली तेव्हा माझ्या लक्षात आले की तिचा कागद मी पुन्हा एकदा तिला न विचारता एका दुकानदारापुढे ठेवला होता.

सबब, विनंती.

हा लेख छापून आला तर तो तुझ्या घरी पोहोचेल, न आला तर मी त्याची नक्कल पाठवीन. तुझा मूळ कागद भोकासह वेगळ्या टपालाने परत करीत आहे. त्यावर तांबड्या शाईची एकही खूण नाही, ही खात्री करून घ्यावी. तो कागद दोन वर्षे माझ्याकडे प्रलंबित राहिला, त्याची संपूर्ण जबाबदारी माझी असून त्याबाबत मला कोणताही बचाव करावयाचा नाही.

तरी कृपा करून पुढील गोष्टी कळवाव्यात. त्या पत्राखालचे वाक्य थट्टेचे होते की खरे होते. तुला आजही तो रस्ता हवा आहे का, की आता दुसरे काही हवे आहे, की येथे, देवपूरला, यायचे आहे. यांपैकी कोणतेही उत्तर चालेल. यांत नसलेलेही चालेल.

उत्तर कच्चे असावे. विनंती विशेष, साष्टांग, सदर, उपरोक्त यांपैकी काही नको. वाकडे लिहिलेले, खोडलेले, अर्धवट सोडलेले चालेल. मला सांगणे जड जात असेल तर तुझ्या आईला सांग. ती तुझे ऐकते, आणि तिला लिहिता येत नसल्यामुळे ती त्यात काही बदलणार नाही. मी ते उत्तर तुझ्या आईखेरीज कोणाला वाचून दाखवणार नाही, सुधारणार नाही आणि तारेत ओवणार नाही.

तुझ्या उत्तरासाठी मुदत घातलेली नाही. मी रोज पाच वाजता कचेरीतून घरी येतो. पोस्टमन त्याआधी येऊन गेलेला असतो, आणि तुझी आई पत्र न उघडता माझी वाट बघत दारात बसलेली असते.

उत्तर मिळावे, ही विनंती.

अर्जदार,
नाना